फेसाचा बंदोबस्त

फजिती माझी, आणि तीच मला नीट आठवत नाही, इथूनच सुरुवात आहे बघा. माझी बायको सुमन म्हणते, मी पाहुण्यांच्या हातातला कप हिसकावला. मला आठवतं त्याप्रमाणे मी फक्त हात पुढे केला होता. सारी हयात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस हिसकावेल का? पण शेवटी कप माझ्या हातात होता आणि चहा त्यांच्या धोतरावर होता, एवढं दोघांनाही मान्य आहे. तेव्हा ऐका, आणि तुम्हीच ठरवा.

मासे मी हौसेनं पाळले नव्हते. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, निवृत्त झालात, काहीतरी शांत बघत बसत जा. मग शाहूपुरीतल्या एका दुकानातून काचेची टाकी आणली, गुरामी नावाच्या माशांची जोडी आणली आणि बाहेरच्या खोलीत कोचासमोर मांडली.

शांतता पहिल्या दुपारपर्यंत टिकली. मग शंका सुरू झाल्या. पाणी जड तर नाही? मासा मधेच थांबतो, तो विचार करतो की त्याला चक्कर येते? मी कोचावर बसायचो, उठायचो, काचेला नाक लावायचो, परत बसायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि गोळी वाढवली.

त्यात एका सकाळी टाकीच्या कोपऱ्यात पाण्यावर फेस दिसला. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, तळहाताएवढा.

पाण्यावर फेस म्हटल्यावर रसायनशास्त्राच्या माणसाला काय सुचणार? साबण! आमच्याकडे धुण्याभांड्याला शेवंताबाई यायच्या. मी अगदी सौम्य शब्दांत त्यांना विचारलं की काच पुसताना हाताला साबण होता का. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"देवीची आण हाय सर, त्या माशास्नी मी हात लावला न्हाय. मला त्यांची शिसारी येती."

सुमननं त्यांना चहा देऊन शांत केलं. मी स्वयंपाकघरातली चहाची गाळणी घेतली, फेस अलगद काढून टाकला, गाळणी धुऊन खुंटीवर अडकवली. दुसऱ्या दिवशी फेस परत. त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा.

आता लक्षणंही दिसायला लागली. नर काळपट पडला. सारखा वर येऊन हवा घ्यायचा, म्हणजे श्वास लागला असणार. मादीला टाकीभर पळवायचा, म्हणजे विष मेंदूपर्यंत गेलं असणार. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "काय न्हाय सर, पाणी बदला." एवढंच. पण एवढ्यावर थांबणारा मी नव्हे. हवेच्या पंपानं फेस वाढत असेल म्हणून पंप बंद केला. थंडीचे दिवस होते, गार पाण्यानं धक्का बसू नये म्हणून दररोज संध्याकाळी थोडं पाणी बदलून कोमट घालायला लागलो. आणि पाण्यातलं विष शोषून घ्यावं म्हणून वर तरंगणारी हिरवी वनस्पती आणून सोडली.

फेस दुप्पट झाला.

याच सुमारास समीरच्या लग्नाचं चाललं होतं. समीर आमचा मुलगा, पुण्याला नोकरीला. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, पल्लवी, माहेर हुपरीचं. पोरांचं ठरलेलं होतं, अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. अण्णासाहेबांचा हुपरीला पैंजणांचा कारखाना. एकुलती लेक. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की सासरा लई चिकित्सक आहे, सुनेच्या पोळीचा घेर मोजेल. म्हणून त्यांनी निरोप पाठवला, आधी घर बघतो, त्या प्राध्यापकाला बघतो, मग बोलू.

समीर घाबरला. दररोज फोन करायचा. बाबा, तुम्ही काही तपासू नका. काही सुचवू नका. फक्त बसा.

आता मला सांगा, फक्त बसणं इतकं सोपं असतं का?

पाहुणे येणार त्या सकाळी फेस नेहमीपेक्षा जास्त. मी गाळणीनं घाईघाईनं तो काढला, तेवढ्यात दारात गाडी वाजली, आणि गाळणी तशीच खुंटीवर अडकवून मी बाहेर धावलो. धुतली का? तेव्हाही आठवत नव्हतं, आताही आठवत नाही.

अण्णासाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती टाकीकडे पाठ करून कोचावर बसले. गडी दणकट, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. समीर आदल्या रात्रीच पुण्याहून आला होता; त्यानं पाठ करून घेतलेलं वाक्य मी म्हटलं, "आम्ही मुलांच्या संसारात अजिबात लक्ष घालत नाही." अण्णासाहेबांनी मान डोलावली. त्यांना ते आवडलं असावं. पण त्यांच्या खांद्यामागून मला मासा दिसत होता. काढलेल्या फेसाच्या जागी तो पुन्हा वर येऊन हवा घेत होता, आणि नवे बुडबुडे जमायला लागले होते. मी उठलो. समीरनं डोळे वटारले. बसलो. परत उठलो. अण्णासाहेबांनी विचारलं, सरांना गुडघ्याचा त्रास हाय काय?

इतक्यात सुमन चहा घेऊन आली. अण्णासाहेबांनी एक घोट घेतला.

"च्या झ्याक हाय की वैनी."

आणि मला गाळणी आठवली.

आठवडाभर ज्याला मी विष म्हणत होतो, ते त्या जाळीला चिकटलेलं. त्यातून गाळलेला चहा. आणि दुसरा घोट ओठाशी. पुढचं, म्हटलं ना, वादग्रस्त आहे. कप माझ्या हातात आला, चहा धोतरावर गेला.

"पिऊ नका," मी म्हणालो, "यात विष असण्याची शक्यता आहे."

'शक्यता' हा शब्द मी विचारपूर्वक घातला होता. तो कुणी ऐकलाच नाही.

समीरनं तोंड झाकून घेतलं. अण्णासाहेबांच्या सौभाग्यवतींनी गुपचूप पर्स उचलली. अण्णासाहेबांनी धोतर झटकलं, आणि त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"सोयरीक नगं असंल तर तोंडानं सांगायचं की सर. पावण्याच्या हातातला कप काढून घ्यायची ही कुठली पद्धत?"

मी गाळणी, गाळणी एवढंच म्हणत राहिलो. शेवटी सुमनच पुढे झाली.

"अहो, ती खुंटीवरची गाळणी तुमची. पहिल्या दिवशी तुम्ही ती टाकीत घातलीत, तेव्हाच मी दुसरी आणली. पिठाच्या डब्यामागं लपवून ठेवते, तुम्हाला सापडू नये म्हणून."

अण्णासाहेबांनी विचारलं, कसली गाळणी? झालं! मी उभा राहिलो आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. फेस, साबण, बंद केलेला पंप, कोमट पाणी, वनस्पती. ते उठले, टाकीपाशी गेले, बराच वेळ वाकून बघत राहिले.

"म्हंजी रोज सकाळी उठून तुम्ही गाळणी घिऊन ह्यांच्या मागं लागता?"

"त्यांच्या भल्यासाठीच," मी म्हणालो.

"त्याचंच तर मला भ्या वाटतंय."

सुमन हसली. मग त्यांच्या सौभाग्यवती हसल्या आणि पर्स परत खाली ठेवली. अण्णासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरला.

"सर, एक शबूद द्या. पोरं पुण्याला घर मांडतील. तिथं गाळणी घिऊन जायचं न्हाय. बोलावल्याबिगर जायचं न्हाय. जमतंय?"

मी शब्द दिला. त्यांनी हात सोडला नाही, सुमनकडे वळून म्हणाले, "वैनी, आता च्या आणा. डब्यामागच्या गाळणीतला."

लग्न झालं. शब्दही मी पाळला. पुण्याच्या घरी आजवर न बोलावता गेलेलो नाही, आणि गेलो तरी हात मागे बांधून बसतो. मासे मात्र माझेच होते, त्यांच्याबद्दल कुणी शब्द घेतला नव्हता. त्यामुळे दररोज सकाळी गाळणी चालूच होती. साखरपुड्याच्या आसपास एके दिवशी फेस आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नर कोपऱ्यात तळाशी गप्प पडून होता. मी मांडवात भेटेल त्याला सांगत होतो, माझ्या उपायांना यश आलं, पाणी शुद्ध झालं!

पुढे कित्येक वर्षांनी रंकाळ्यावर फिरताना प्राणिशास्त्राचे एक जुने सहकारी भेटले, आणि सहज म्हणून मी तो किस्सा सांगितला. त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून घरी जाऊन आणखी दोघांना फोन करून खात्री करून घेतली. तिघांचंही एकच म्हणणं. तो फेस म्हणजे घरटं. गुरामीचा नर मादीसाठी तोंडानं एकेक बुडबुडा सोडून ते बांधतो. आणि त्यानं ते बांधावं असं वाटत असेल, तर जाणकार लोक पंप बंद करतात, पाणी थोडं थोडं बदलून कोमट ठेवतात आणि वर तरंगणारी एखादी वनस्पती सोडतात.