ऐनवेळेवर विश्वास नसलेले केतकरकाका

केतकरकाकांची आणि माझी ओळख झाली, ती ते माझ्यावर ओरडले म्हणून. शिफोल विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात आमच्या बेसबॉल क्लबाचा एक हौशी संघ आहे. त्यात बायका-पुरुष एकत्र खेळतात. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून इथे आल्यावर ओळखी व्हाव्यात म्हणून मी त्यात नाव घातलं. कॉलेजात क्रिकेट खेळलेली असल्यामुळे पहिलाच चेंडू बरा लागला आणि मी बॅट हातात घट्ट धरून पळत सुटले. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे हसायला लागले. तेवढ्यात गुणलेखकाच्या टेबलावरून खणखणीत मराठी ऐकू आलं, "अहो बाई, बॅट टाका! टाका आणि पळा!" मराठी ऐकून मी इतकी चकित झाले की वाटेतच थांबले आणि बाद झाले. काकांनी ते शांतपणे वहीत लिहिलं. सामना संपल्यावर चकलीचा डबा पुढे करत म्हणाले, "पहिल्या वर्षी मीही घेऊनच पळायचो."

श्री. मोरेश्वर केतकर यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची उमेदीची सगळी वर्षं इथल्या कारखान्यांत मालाचा दर्जा तपासण्यात गेली. संख्याशास्त्र हा त्यांचा विषय आणि क्लबाची गुणवही हा त्यांचा जीव. ते सायकलवरून येतात, पिशवीतून टोक केलेल्या चार पेन्सिली काढतात आणि खेळ सुरू झाला की चहाचं नाव काढू देत नाहीत. शिफोलला उतरणारं विमान डोक्यावर आलं की काका बोलता बोलता थांबतात आणि ते गेल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे बोलतात. मी त्यांच्याकडे गुणलेखन शिकले, ते असंच अर्ध्या अर्ध्या वाक्यांत.

त्यांच्या वहीचा एक नियम आहे. सामना जिंकून देणारा फटका असो की कुणाचंही लक्ष नसताना मारलेला, खूण सारखीच. आमचे कप्तान हेंक गेली कित्येक वर्षं विनवताहेत, की निर्णायक फटक्यापुढे निदान एक तारा तरी काढा. काका ऐकत नाहीत.

या ताऱ्यावरूनच क्लबातला जुना वाद आहे. सामना अटीतटीला आला की ज्याची बॅट हमखास चालते, अशा खेळाडूला बेसबॉलमध्ये 'क्लच हिटर' म्हणतात. हेंक यांच्या मते तो जन्मावा लागतो. काकांचं म्हणणं वेगळं. "चांगला फलंदाज अडचणीतही चांगलाच खेळतो, त्यात नवल काय? पण एरवी मारतो त्याहून जास्त तो ऐनवेळी मारतो का, हा प्रश्न आहे. अशी कला नसतेच असं मी म्हणत नाही. असलीच तर इतकी थोडी, की माझ्या वहीला दिसत नाही." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हाच वाद एकदा इतका रंगला, की आरती खोळंबली आणि काकांच्या पत्नी सुलभाकाकूंना त्यांच्या हातात टाळ द्यावे लागले.

मला हा वाद रिकामटेकडा वाटायचा. मग तो माझ्यावरच आला. एका मोसमात तिन्ही बेसवर, म्हणजे धावताना थांबायच्या जागांवर, आमचे खेळाडू उभे, सगळ्यांचे डोळे माझ्यावर आणि मी बाद, असं वारंवार झालं. शेवटच्या सामन्याआधी हेंक यांनी फार सभ्यपणे विचारलं, "या वेळी बाहेर बसशील का?" मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांना मी खरं ते सांगून टाकलं. ऐनवेळी माझी पाचावर धारण बसते. इथली गाडी चालवायची परीक्षा दोनदा नापास झाले ती त्यामुळेच. ऑफिसात एका मोठ्या कामाचं नेतृत्व माझ्याकडे येत होतं, त्याला सोमवारी नकार द्यायचा असं मी ठरवलं होतं. "काका, माझा स्वभावच तसा आहे," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

काकांनी समजूत घातली नाही. दोन मोसमांच्या वह्या काढल्या. "बेस भरलेले असताना तू सात वेळा आलीस. पाचदा बाद. सातदा उडवून मी नाण्यालासुद्धा खोटं म्हणणार नाही." मग एकेका खुणेवर बोट ठेवत गेले. "हा बघ, चेंडू कडक मारलास, पण थेट त्या माणसाच्या हातात. हाही तसाच. तो माणूस तिथे उभा होता, यात तुझा—" विमान आलं. आम्ही दोघं थांबलो. ते गेलं. "—स्वभाव कुठे आला?"

मी खेळले. शेवटच्या डावात बेस पुन्हा भरलेले होते. मी जीव तोडून मारलं आणि चेंडू झेलला गेला. आम्ही हरलो. काकांनी नेहमीची खूण केली आणि वही मिटताना एवढंच म्हणाले, "छान मारलास." त्या सोमवारी मी ऑफिसात हो म्हटलं. ते काम मी आजही करते आहे. माझ्याविषयीचा माझाच खोटा ग्रह काकांनी पुसला, हे ऋण माझ्याच्याने फिटायचं नाही.

काकांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात अनेकजण लिहितील की काका ऐनवेळी धावून येतात. मीही एकदा तसं म्हणाले होते. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं, तेव्हा काका मेथीची भाजी आणि ताक घेऊन इस्पितळात हजर. मी गहिवरून म्हटलं, "संकटात तुम्हीच आठवणीने येता हो!" काका चक्क चिडले. "आठवणीने काय? आज गुरुवार आहे."

खरंच गुरुवार होता. दर गुरुवारी ते आमच्याकडे काहीतरी घेऊन येतातच. घरी कुणी नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांना विचारून ते इस्पितळात पोचले होते. आधीचे सगळे गुरुवार मी डबा घेतला, धुऊन परत दिला आणि विसरून गेले. लक्षात राहिला तो एकच, कारण त्या दिवशी मी अडचणीत होते. तारा मीच काढत होते. काका रोजचेच होते.

तेव्हा काका, या गौरवलेखात मी तुमच्या नावापुढे तारा काढत नाही. तुमच्यासारखं रोज सारखंच चांगलं वागता येतं का, हे मात्र मला जाणून घ्यायचं आहे, आणि तुमच्याच हिशेबाने पंचाहत्तर वर्षांचा नमुना अगदीच लहान आहे. निष्कर्ष काढायला अजून पंचवीस तरी हवीत. ती ठणठणीत प्रकृतीने, सायकलवरून आणि सुलभाकाकूंसह यावीत, एवढंच देवाकडे मागते. गेल्या गुरुवारचा डबा धुऊन ठेवला आहे. न्यायला या.