ढापण्याने चालू केलेला कॉम्प्युटर

आमच्या कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला सगळे ढापण्या म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, एक काडी तारेने बांधलेली. हाक मारली की ओ देई, पण हातातलं काम सोडून कधी आला नाही.

मी पत्रे कापायच्या मशीनवर होतो. ते मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवर चाले. काळा पडदा, हिरवी अक्षरं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. कापायची सगळी ड्रॉइंगं त्याच्याच पोटात. एका सकाळी अक्षरं आलीच नाहीत. नुसता ठिपका लुकलुकत राहिला.

धाकटे मालक आले. "हा चालू झाला तर ठीक. नाहीतर हा विभाग बंद करावा लागेल," म्हणाले आणि गेले.

विभाग म्हणजे आम्ही मूठभर माणसं. त्या वयात आम्हाला दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं.

"आतली कार्डं बदलून बघ ना," मी ढापण्याला म्हणालो.

"कपडे बदलून ताप उतरतो का?"

त्याची पद्धत ठरलेली होती. वीज कुठवर पोचते ते आधी मीटरने बघायचं. मग एक कार्ड काढायचं, टोकं खोडरबराने घासायची, परत बसवायचं, चालू करून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. जेवण तो उभ्यानेच उरके. धाकटे मालक दारातून विचारत, "झालं का?" तो म्हणे, "नाही." एवढंच.

शेवटी त्याने मुख्य बोर्ड खाली उतरवला आणि एकेक चिप उचकटली. खाली काळी लेई होती. तेल आणि लोखंडाची भुकटी. त्याने ती बोटांत चोळून हुंगली.

दर शनिवारी कॉम्प्रेसरच्या नळीने सगळ्या मशीनवर हवा मारायची, ही शिस्त त्यानेच लावली होती. कॉम्प्युटरचं झाकण काढून आतसुद्धा. कुणी टाळलं तर अंगावर येई. नळीतून हवेबरोबर थोडं तेलही येतं. लेथला ते चांगलंच. इथे त्या तेलाने भुकटी धरून ठेवली होती.

"साफ करून करून मारला मी ह्याला," तो म्हणाला.

"आधी जिवंत कर. मग रड."

मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन त्याने बोर्ड धुतला. वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. एका जागी तांब्याची रेघ झिजून तुटली होती, तिथे केसाएवढी तार सोल्डर केली. कुठे थेंब वाढला नव्हता. काम चोख झालं होतं, हे मी आजही सांगेन.

हिरवी अक्षरं आली. आमच्या वेल्डरने ढापण्याचा चष्मा काढला, पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांबरोबर एक इंजिनिअर आला. ढापण्याने त्याला स्टूल दिलं. इंजिनिअरने केबल जोडली आणि चहा संपायच्या आत सगळी ड्रॉइंगं उतरवून घेतली. थोड्याच दिवसांत ती दुसऱ्या कारखान्यातल्या नव्या मशीनवर चालू लागली आणि आमचा विभाग बंद झाला.

शेवटच्या दिवशी ढापण्या कॉम्प्युटरचं झाकण बसवत होता, प्रत्येक स्क्रू आवळून.

"भंगारात चाललाय तो," वेल्डर म्हणाला.

"मग काय, उघडा पाठवू?"

पुढे त्याला कुठे काम मिळालं नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची नजर पार गेली होती. वहिनींनी चहा आणून ठेवला.

"चालू केला तरी बंद," तो म्हणाला. "नसता केला तरी बंद. म्हणजे बिघाड कॉम्प्युटरात नव्हताच. मीटर आधी मालकाला लावायला हवा होता."

"झालं ते झालं."

"असं कसं? कुठे चुकलं ते शोधायला नको?"

"रोज हेच चालतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "चहा घ्या."

तो टेबलावर बोटांनी चाचपत होता. मी कप पुढे सरकवायला गेलो.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "ती कुठे ठेवते ते मला ठाऊक आहे."