भाकरीची कडा

बीदरला मैलूरमध्ये माझी लॅब आहे. शुगर, थायरॉइड, कावीळ… मशीन दाखवेल ते मी लिहिते, बाकीचं सोडून देते. भूतखेत, अंगात येणं असलं काही कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जायची. त्यामुळे हे लिहू की नको करण्यात माझं वर्ष गेलं.

माझा थोरला भाऊ बसवराज, माझा अण्णा, रेवदंड्याला मासेमारीच्या बोटीवर इंजिनचं काम करायचा. आमच्या मुडबी गावात समुद्र पाहिलेली माणसं शोधावी लागतील, आणि हा पठ्ठ्या तिथे जाऊन रमला. एका वादळात बोट गेली. तिघे सापडले, अण्णा नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला शेतात माती देतात, गळ्यातलं लिंग त्याच्या हातावर ठेवून. इथे माणूस नाही आणि लिंगही त्याच्याबरोबरच गेलेलं. निदान विधी तरी करा, असं भाऊबंद सांगून थकले. अव्वा, म्हणजे आमची आई, कुणाला दाद देईना. ती माझ्याकडेच असते. रोज ज्वारीच्या कडक भाकरी करताना एक अण्णाच्या नावाची जास्त करायची, फडक्यात बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दारातल्या गायीला घालायची. मला त्या भाकरीचा इतका राग यायचा!

"अव्वा, कुनासाठी करायलीस?"

"त्यो आला म्हंजे?"

दोन वर्षं हेच चाललं.

मग पनवेलला नणंदेकडे लग्न निघालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी, नवरा, लेक श्रेया आणि अव्वा रेवदंड्याला गेलो. नाव फिरायचं – जुनं बंदर, पोर्तुगीजांचा किल्ला, श्रेयाला दाखवू – पण अव्वाला तो समुद्र एकदा बघायचाच होता. वाटेत चौल पाहिलं, पुष्करणीपाशी श्रेयाने भरमसाट सेल्फी काढले, आणि दुपारी किल्ल्याच्या तटाखाली वाळूत उतरलो. पाणी लांब होतं, दोन शेतं ओलांडावीत इतकं. अव्वाचे गुडघे गेलेत, दोन पायऱ्या चढायच्या तर दोघांनी धरावं लागतं. ती तटाखालच्या एका दगडावर टेकली. भाकरीचं फडकं मांडीवर.

"तुमी बघून या जावा. मी बसते हितं."

आम्ही गेलो. नारळीच्या वाड्या, उंच मनोरा, पडकी चर्चं… भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, पण पाणी इतक्या लवकर येऊन तटाला भिडतं, हे आम्हा कोरडवाहू माणसांना कुठलं ठाऊक? सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईने विचारलं, "तुमची म्हातारी खाली बसलेली ना? पाणी भरलं तिकडे!"

आम्ही धावलो. दगड दिसेना. लाटा तटावर आपटत होत्या आणि अव्वाची एक चप्पल पाण्यावर हलत होती.

"गंगू, हिकडं हाय मी."

आवाज वरून आला. तटाच्या माथ्यावर, दोन पुरुष उंचीवर, अव्वा पाय पसरून बसली होती. लुगडं कोरडं. तिथल्या पायऱ्या ढासळलेल्या, तिला खाली आणायला चार माणसं लागली. वर कुणी चढवलं, म्हणून भेटेल त्याला विचारलं. कुणीही 'मी' म्हणालं नाही.

"बसू आलता," अव्वा म्हणाली. "'कामून बसलीस हितं, पानी यायलंय' म्हनला. हात धरून वर नेला. माज्याजवळ बसून भाकरी खाल्ला."

"अव्वा, उन्हानं भास झाला आसंल."

तिने फडकं उघडलं. भाकरीचं मधलं सगळं खाल्लेलं आणि भोवतीची कडा अख्खी, बांगडीसारखी. अण्णा लहानपणापासून असाच खायचा. कडा का टाकतोस, म्हणून अव्वा ओरडली की म्हणायचा, "तुला ठिवलंय."

मी विचारू नये ते विचारलं. "ओला हुता का गं?"

"न्हाई. कोरडा हुता. घराला चल म्हनलं तर न्हाई म्हनला. 'माजं करून टाक अव्वा, लई दिवस झाले' म्हनला."

आणि मग ती रडली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

महिन्याभरात मुडबीच्या शेतात खड्डा खणला. आत काय ठेवायचं, असं विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं. अव्वाने फडक्यातून ती कडा काढली. कडक भाकरी पिशवीत धड राहत नाही, आणि ही एवढ्या प्रवासात कुठे चिरलीसुद्धा नव्हती. विभूती लावून, बेल वाहून तिला माती दिली.

नवरा म्हणतो, कुणीतरी भल्या माणसाने चढवलं असेल. असेल. मग भाकरी कुणी खाल्ली? अव्वाला दात नाहीत, ती वरणात भिजवल्याशिवाय खात नाही. रिपोर्ट पटला नाही की मी 'पुन्हा तपासा' असं लिहिते. इथे काय तपासू?

आता अव्वा मोजक्याच भाकरी करते. परवा मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अव्वा, एक जास्ती कर की."

तिने तवा उतरवला, हात पुसले.

"कुनासाठी?" म्हणाली.