वाटूरचा कॅप्टन

आमच्या वाटूरचा एक जण विमान चालवतो. सुट्टीत आला की फाट्यावरच्या हॉटेलात माझ्याशेजारी बसून चहा बशीत ओतून पितो. वैमानिकांच्या संघटनेतर्फे पगारवाढीची बोलणीही तोच करतो. परवा त्याच्या सहकाऱ्याचा फोन आला. महागाईच्या हिशोबाने वाढ द्यायला कंपनी तयार होती, पण फक्त जुन्या कॅप्टनांना.

"मंग नव्या पोरांना महागाई न्हाई का?" तो शांतपणे फोनवर म्हणाला. "त्यांना सोडून सही करायची न्हाई."

"अरे, तुझीच वाढ अडेल," मी म्हणालो.

"अडू दे."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. वाढ सगळ्यांना मिळाली, कॅप्टनांना मात्र थोडी कमी. "बराबर झालं!" म्हणत त्यानं अख्ख्या हॉटेलाला चहा सांगितला आणि पैसे मला द्यायला लावले.