आत्यांची वर-खाली बंदूक

चिंचपोकळीपासून घोडपदेवापर्यंत माझ्या बायकोच्या आत्याइतकी निरुपद्रवी बाई सापडायची नाही, आणि या सबंध पट्ट्यात स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना असलेली बाईसुद्धा त्यांच्याशिवाय दुसरी सापडायची नाही. उंची एवढीशी, की चाळीच्या कठड्यावरून रस्ता बघायचा तर पायाखाली पाट घ्यावा लागतो. झुरळ दिसलं तर त्या चप्पल उचलत नाहीत. "जा बाबा, शेजारी जा," म्हणून त्याला दार उघडून देतात. (शेजाऱ्यांचा यावर जुना राग आहे.) अशा बाईच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या खाली, मऊ झालेल्या नऊवारीत गुंडाळलेली बारा बोअरची बंदूक असायची.

बंदूक त्यांच्या यजमानांची. कोकणातले चुलते बागेतली माकडं हाकलायला ती वापरत, त्यांच्यामागे ती यजमानांकडे आली. यजमान गिरणीच्या ऑफिसात कारकून. घोडपदेवात माकडं नसल्यामुळे ते दर रविवारी ती नुसती पुसत. ते गेले, परवाना आत्यांच्या नावावर झाला, आणि पुण्याचा मुलगा "आई, जमा करून टाक ती" म्हणून मागे लागला.

"करीन की," आत्या म्हणाल्या. "पण आधी ती कोण, कुठली ते कळू दे. आणि एकदा उडवून बघू दे. जावईबापू, तुम्ही फक्त सोबत या."

त्यांनी "फक्त" म्हटलं की माझी महिनाभराची सुट्टी संपते.

ओळख पटवणं सोपं नव्हतं. नेहमीच्या दुनळीच्या नळ्या शेजारी-शेजारी असतात. हिच्या एकीवर एक. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, बाजूला एक पक्षी तेवढा कोरलेला. माझे सासरे म्हणाले, बदक आहे, म्हणजे बंदूक इंग्लिश. समोरच्या काकू म्हणाल्या, कोंबडी. आत्यांच्या मते ती टिटवी होती, "आणि चेहऱ्यावरून दिवस गेलेले दिसतात बिचारीला." हे संशोधन चाललं असतानाच निवडणुका आल्या आणि बंदूक पोलीस ठाण्यात ठेवायचा हुकूम आला. हवालदारांनी पावतीवर "दुनळी" असं लिहिलं. आत्यांनी पावती हातात घेतली नाही.

"दोन नळ्या आहेत आजी. दुनळीच झाली ना?"

"अरे मेल्या, पण त्या शेजारी खंय आसत? एक वर, एक खाली. चाळीत दोन बिऱ्हाडं शेजारी असणं आणि एकावर एक असणं सारखं काय? वरच्यांचं पाणी गळतं!"

हवालदारांच्या घरी वरून पाणी गळत असावं. त्यांनी मुकाट्यानं "वर-खाली" असं लिहून दिलं.

निवडणुका उरकल्यावर बंदूक घरी आली आणि आम्ही ती फोर्टातल्या एका बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार वयस्क आणि अतिशय गंभीर. त्यांनी नळ्या सोडवल्या, नाकाशी नेल्या आणि दचकून विचारलं, "ये खोपरेल है क्या?"

"घाण्याचं आहे," आत्या अभिमानानं म्हणाल्या. "मी पण तेच लावते."

दुकानदारांनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग आत्यांच्या अंबाड्याकडे. मग तेल पुसून नळ्यांच्या पोटाखालचे बारीक शिक्के भिंगातून वाचले. बंदूक बेल्जियमची निघाली. जुनी, पण नळ्या ठणठणीत. फक्त काडतूस बसायची जागा आखूड. हल्लीची लांब काडतुसं त्यात घालायची नाहीत, आखूडच शोधायची. दोन चाप, पुढचा खालच्या नळीचा, मागचा वरच्या नळीचा. पक्षी मात्र तित्तर होता. "बेल्जियममध्ये टिटवीला तित्तर म्हणत असतील," आत्या मला जिना उतरताना म्हणाल्या.

आखूड काडतुसं मिळवून आणि रीतसर परवानगी घेऊन एका रविवारी आम्ही शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिथले प्रशिक्षक सहा फुटी. त्यांनी आत्यांच्या खांद्यावर शालीची घडी ठेवली, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं आणि कानांवर घालायचं जाड आवरण पुढे केलं.

"ते नको. आवाज ऐकायलाच तर आले मी."

बरीच हुज्जत झाली आणि शेवटी कापसाच्या बोळ्यांवर तडजोड झाली. तयार झालं की जोरात ओरडायचं, मग मातीची तबकडी हवेत सुटते, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. आत्यांना ओरडता येत नाही. "सोडा हं बाळ," त्या म्हणाल्या. तबकडी उडाली, आत्या बघत राहिल्या. "किती छान गेली!" दुसरीही तशीच कौतुकात गेली. तिसरीला मी मागून "आत्या, चाप!" असं ओरडलो, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून पुढचा चाप ओढला.

तबकडी सुखरूप गवतात जाऊन पडली. आत्या प्रशिक्षकांच्या पोटावर जाऊन आदळल्या. मी धावलो. त्यांनी कापूस काढला. चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते.

"केवढा हो आवाज!" त्या म्हणाल्या. "दर रविवारी पुसता पुसता म्हणायचे, एकदा उडवून बघू या. बरं झालं नाही उडवली. केवढे घाबरले असते हे."

वरच्या नळीत काडतूस शिल्लक होतं. प्रशिक्षकांनी विचारलं, "अजून एक, आजी?" आत्यांनी मानेनंच नाही म्हटलं, शिकवल्याप्रमाणे बंदूक उघडली, काडतूस काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि इथे चहा कुठे मिळतो असं विचारलं.

परतताना त्यांनी गाडीतूनच मुलाला फोन लावला. "ऐकला रे मी आवाज," त्या म्हणाल्या. "आता ये सवडीनं. जमा करून येऊ." फोन ठेवल्यावर त्यांनी शालीची घडी उलगडून शेजारी ठेवलेल्या बंदुकीवर पांघरली, आणि भायखळा येईपर्यंत मीही गाडी जरा सावकाशच चालवली.