पेटी दाराकडे पाहत होती तेव्हा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी मागून उठले. आता लिहिते आहे, कारण बोलायचं म्हटलं की माझा आवाज समोरच्यापर्यंत पोचतच नाही. लहानपणापासून असाच आहे. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, हे बाईंच्या लक्षात तरी आलं असेल का?

पेटीपासून सुरू करते.

धरमपेठेत मी ज्या घरी कामाला जाते, तिथे दोघंच राहतात — काका आणि त्यांची मुलगी रश्मीताई. काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आता पाय लटपटतात. ताई दिवसभर ऑफिसात, म्हणून तिने घरात कॅमेरे लावले आणि एक पेटी बसवली, मसाल्याच्या डब्याएवढी. काका पडले तर पेटी ओळखणार आणि घरात घंटा वाजवणार, ताईच्या फोनवरही. गॅस चालू राहिला तर सांगणार. दारात कोणी आलं तर चेहरा पाहून नाव सांगणार. घरातलं चित्र बाहेर कुठे जाऊ नये, म्हणून सगळं डोकं त्या पेटीतच.

पण एवढ्याशा पेटीला हे सगळं एकदम कसं जमत असेल? पुसताना हात लागला तर चटका बसायचा. एकदा मी धीर करून काकांना विचारलं. ते खुर्चीतच सरसावून बसले.

"एकदम कुठं जमते वं बाई! वीज कमी अन् मागणारे जास्त, मंग का करतेत? याची लाइन चालू, त्याची बंद. पेटीतही लोडशेडिंगच हाय. दारात माणूस उभा राहिला का ते आधी त्याचं तोंड पाहते. तवर मी इथं नाचलो तरी तिले पत्ता नाही."

आणि हसले. ताईने तसे नंबर लावून दिले होते, आधी दार, मग खोली — दारातला माणूस थांबत नाही, आणि चेहरा ओळखायला वेळ तो कितीसा लागणार?

म्हणजे मला माहीत होतं. मला समजलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आता सांगायला लाज वाटते ते. मी रोज जरीपटक्याहून येऊन दारात उभी राहिले की पेटी म्हणायची, "शोभाताई आल्या." जो कोणी हे वाचशील, तुला हसू येईल. पण मला नावाने कोण हाक मारतं? ताई मावशी म्हणते, काका बाई म्हणतात, घरी मी राहुलची आई. मला प्रश्न पडला — ही मला कशावरून ओळखते? नाकावरून? टिकलीवरून? टिकली काढून पाहिली, ओळखलं. पदर हनुवटीपर्यंत घेतला, ओळखलं. नाकापर्यंत घेतला तेव्हा अडली. दारावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. पेटी पाहत होती, परत पाहत होती. इतका वेळ माझ्याकडे कोणी पाहिलेलं नाही, आणि मी मान खाली न घालता उभी राहिलेली नाही. मग मला ती सवयच लागली. काका दुपारी झोपले की मी बाहेर जायचे, दार ओढून घ्यायचे आणि उभी राहायचे.

त्या दुपारीही गेले. दिवा लुकलुकला. "ओळख पटली नाही," पेटी म्हणाली आणि मी तिथेच आहे म्हणून परत पाहू लागली. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. भांडं असेल — असं मी मनाला सांगितलं का? की सांगितलंही नाही? मी तिला आणखी एकदा पाहू दिलं. एवढं मात्र नक्की आठवतं.

आत गेले तेव्हा काका जमिनीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. तोवर घंटा वाजलीच नव्हती.

दवाखान्यात ताईने फोनवर पेटीची नोंद काढली. "मावशी, तेव्हा दारात कोणी होतं का? अनोळखी चेहरा, एवढंच लिहिलंय. चित्र ती ठेवत नाही."

"कुरियरवाला," मी म्हटलं. "पत्ता सापडून नव्हता राहिला त्याले. लय वेळ उभा होता."

एवढं लांब मी तिच्यापुढे कधी बोलले नव्हते. ताई भिंतीला टेकली. "दाराचा नंबर मीच आधी लावला," ती म्हणाली. "बाबांना मागे ठेवलं." आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरंच ठेवला.

संपलं असं वाटलं असेल तुला. नाही.

त्या दुपारी मला पाहायचं होतं — दुसऱ्याचा चष्मा लावला तर पेटी मला कोण समजेल? तिपाईवर काकांचा चष्मा होता. तो मी लावून गेले होते. काकांना जाग आली, त्यांनी हात लांब केला, तिपाई रिकामी. म्हणून ते उठले. मी आत आले तेव्हा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तो काढून मी आधी त्यांच्या हाताजवळ जमिनीवर ठेवला. आधी ते. मग फोन.

"मी तिपाईवरच ठेवला व्हता," काका दवाखान्यात म्हणत होते. ताई हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताशीच तर होता. विसरला असाल." उभं आयुष्य नोकरीत एक बटण चुकवलं नाही, असं सांगणारा माणूस. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मी चादर सरळ केली.

पेटीने तिला सांगितलं तेच केलं होतं. काकांनाही बरोबर आठवत होतं. दोघांनाही खोटं मी पाडलं.

ताईने नंबर बदलले. आता पेटी आधी खोलीकडे पाहते, उरलेल्या वेळात दाराकडे. मी सकाळी उघड्या चेहऱ्याने उभी राहते आणि माझं नाव खूप उशिरा येतं. ती कशावरून ओळखते, ते मला अजून कळलेलं नाही. खरं सांगते, तो प्रश्न अजूनही डोक्यातून गेलेला नाही.

काका वॉकर धरून चार पावलं टाकतात. झोपेतून उठले की आता ते तिपाईकडे हात नेत नाहीत. आधी मला हाक मारतात. "बाई, मी चष्मा कुठं ठेवला वं?"

"तिपाईवर, काका," मी सांगते.

तो तिथेच असतो. रोज.