जावक विभागातले दिनानाथ

दिनानाथ घरतांनी एकतीस वर्षं खताच्या कारखान्यात जावक विभागात काढली. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि ते वाटेला लावायचं, एवढंच काम. पण त्यांच्या बोलण्यावरून वाटे की कारखाना खतावर चालत नसून दिनानाथांच्या शिक्क्यावर चालतो. निवृत्तीच्या समारंभात त्यांना नारळ, शाल आणि तो जुना शिक्का मिळाला. शालीचं पायपुसणं झालं. शिक्का देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे.

किहीमच्या अलीकडे त्यांचं गाव. गावातली अर्धी माणसं मुंबईत नोकरीला, आणि उरलेली अर्धी त्यांना नावं ठेवायला गावात. या दोन्ही बाजूंना जोडणारं मुंबईकर मंडळ आणि मंडळाचे सेक्रेटरी अर्थातच दिनानाथ. सगळा कारभार ईमेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवर काही ठरवलेलं त्यांना चालत नसे. "तिथे गुलाबाची फुलं आणि सुविचार असतात. कामकाज नसतं," असं ते म्हणत.

ईमेलही साधीसुधी नाही. लोक फोनमध्ये मेल उघडतात, दिनानाथांचा दोन हजार सहा सालचा एक प्रोग्राम होता. तो मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि मेलकंपनीकडची प्रत पुसून टाकायचा. हे त्यांनीच तसं लावून ठेवलं होतं.

"पत्र घरी आल्यावर पोस्टात कशाला राहायला हवं?" ते विचारत.

सत्यवती, त्यांची बायको, यावर काही बोलत नसे. ती अलिबागच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली होती आणि लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. कुठे बोलून उपयोग नाही, हे दोन्ही शिक्षणांत येतं.

मग कॉम्प्युटर रोज सांगायला लागला की माझी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, नवी घाला. दिनानाथांनी महिनाभर त्याला दाद दिली नाही. शेवटी एका मंगळवारी मशीन रिक्षात घालून अलिबागला नेलं. दुकानदार म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. सगळं जिथल्या तिथे राहील." संध्याकाळी मशीन घरी आलं. पडद्यावर परदेशातलं कुठलंतरी सुंदर तळं होतं. प्रोग्राम नव्हता. वीस वर्षांच्या मेलही नव्हत्या.

एरवी सत्यवतीने तळ्याचं कौतुक करून विषय सोडला असता. पण रविवारी सभा होती, आणि सभेत जनीकाकीची पालखी अडकली होती.

गावदेवीची पालखी दर चैत्रात निघते आणि एका घरी रात्रभर मुक्काम करते. मानाची घरं बारा, म्हणजे एकेका घराची पाळी बारा वर्षांनी. दोन हजार चौदा साली पाळी जनीकाकीची होती. अंगण सारवून झालं, मांडव पडला, आणि पालखीच्या दोन दिवस आधी तिचा नवरा गेला. सुतकाच्या घरी देवी कशी उतरणार? वाजंत्री थांबवून पालखी तिच्या दारावरून पुढे गेली आणि शेजारच्या भागोजीकडे मुक्कामाला राहिली. आता बारा वर्षं पुरी झाली. जनीकाकी म्हणते, यंदा पाळी माझी. भागोजी म्हणतो, देवी उतरली माझ्याकडे, तेव्हा ते साल माझं आणि यंदाचंही. जनीकाकी ऐंशीची आहे. पुढची पाळी बघायला तिला ब्याण्णवपर्यंत थांबावं लागेल, आणि तसं ती थांबेल असं तिच्या डॉक्टरांचंही म्हणणं नव्हतं.

यावर चौदा सालीच मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष हरेश्वर यांनी लेखी निर्णय दिला होता. तो मेलने दिनानाथांकडे आला होता. हरेश्वर तीन वर्षांमागे वारले. मागच्या सभेत दिनानाथ ताठ उभे राहून म्हणाले होते, "निर्णय माझ्याकडे आहे. मी तो जनीकाकीच्या मोरूला तेव्हाच कळवला होता. त्याने मेल सांभाळली नाही, त्याला मी काय करणार? आजकालची पोरं."

आजकालचं पोर मोरू एकावन्न वर्षांचं. भाऊच्या धक्क्यावर नोकरी करतं. ते म्हणालं, "काका, आईशपथ, मला काय आलेलंच नाय."

"आलेलंच," दिनानाथ म्हणाले.

गुरुवारी सकाळी सत्यवतीने उलव्याला मृणालला, लेकीला, फोन लावला.

"आई, सी ड्राइव्हमध्ये जा. जुन्या सिस्टीमचं फोल्डर दिसतंय? शेवटी ‘ओल्ड’ असं?"

"दिसतंय."

"गुड. नवी सिस्टीम कधी टाकली?"

"मागच्या मंगळवारी."

"मंगळवारी? आई, ते दहा दिवसांनी आपोआप डिलीट होतं!"

सत्यवतीने बोटं मोजली. "म्हणजे उद्या."

"आजच कॉपी कर. आणि प्लीज, बाबांना हात लावू देऊ नकोस."

फोन स्पीकरवर होता. दिनानाथ म्हणाले, "मी कुठे हात लावतोय? मी फक्त मार्गदर्शन करतो."

ते खुर्ची घेऊन मागे बसले आणि मार्गदर्शन करू लागले. सत्यवतीने तांदूळ निवडावेत तसं फोल्डरमधून फोल्डर काढत मेलचा साठा शोधला आणि तो पेनड्राइव्हवर घेतला. प्रोग्रामची जुनी आवृत्ती मिळवून बसवली. तो उघडला, पण आत सगळं रिकामं. मृणालने सांगितल्याप्रमाणे त्याला जुन्या साठ्याची जागा दाखवली. मग आत पत्रं दिसू लागली, आणि दिनानाथ म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" ते काय म्हणत होते, हे कोणीच विचारलं नाही.

आता पासवर्ड. मेलकंपनी म्हणाली, तुमचा प्रोग्राम फार जुना, त्याला नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. आमच्या वेबसाइटवर येऊन वेगळा सोळा अक्षरी घेऊन जा.

"म्हणजे शेवटी पोस्टातच जायचं," दिनानाथ खिन्नपणे म्हणाले. "नेहमीचा पासवर्ड मी टाकतो. तू तोंड तिकडे कर."

"गावदेवी आणि आपल्या स्कूटरचा नंबर ना?"

दिनानाथांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग सत्यवतीनेच तो टाकला, सोळा अक्षरं उतरवून घेतली आणि जेवणं उरकून दुपारी पुन्हा बसली. अडीच वाजता प्रोग्राम सुरू झाला. दिनानाथ आनंदाने चहा ठेवायला गेले. लग्नानंतरची ही तिसरी वेळ.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. न पाठवलेले एकोणचाळीस संदेश आहेत. आता पाठवायचे का?

ही काय भानगड आहे, हे दिनानाथांखेरीज जगात फक्त सत्यवतीला माहीत होतं. कारखान्यातले साहेब म्हणायचे, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र टेबलावर राहू दे. दिनानाथांनी ते इतकं मनावर घेतलं की रागातलं एकही पत्र पुढे टेबल सोडून गेलं नाही. ते कडक भाषेत मेल लिहायचे, ‘नंतर पाठवा’ दाबायचे आणि मग शांतपणे जेवायचे. रोज प्रोग्राम उघडला की हीच चौकट विचारायची, आणि ते रोज ‘नाही’ म्हणायचे. आज नको, उद्या बघू.

सकाळपासून सत्यवतीने वीस-पंचवीस चौकटींना ‘हो’ म्हटलं होतं. पण प्रत्येक चौकट वाचून. हीही तिने वाचली. मग ‘हो’ दाबलं.

"काय म्हणतोय?" दिनानाथ कपबशी घेऊन आले.

"पाठवू का म्हणून विचारत होता."

"मग?"

"हो म्हटलं."

कपबशी टेबलावर कशीबशी टेकली. "अगं! थांबव ते! सात गेली... नऊ..." त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. यूपीएसने ‘टूं’ केलं आणि कॉम्प्युटर चालूच राहिला. मागच्या पावसाळ्यात वीज सारखी जायची म्हणून तो त्यांनीच हौसेने बसवला होता. वायफायसुद्धा त्याच्यावरच. एकोणचाळिसावं पत्र गेलं तेव्हा ते प्लग हातात धरून उभे होते.

पहिला फोन भागोजीचा. तो त्यांनी उचलला नाही. दुसरा मोरूचा. तो सत्यवतीने उचलला आणि स्पीकर लावला.

"काकी, काकांची मेल आली. चौदा सालची हाय. वाचू? ‘चिरंजीव मोरू, अध्यक्षांचा निर्णय झाला आहे. या वर्षीचा मुक्काम केवळ सुतकामुळे भागोजीकडे हलवला. दोन हजार सव्वीसची पाळी तुमच्याच घराची राहील. आईला वाचून दाखव, तेवढंच तिला बरं वाटेल.’" तो थांबला. "तेव्हा आली असती तर खरंच बरं वाटलं असतं तिला."

दिनानाथ खुर्चीत बसले. त्यांना आठवलं. हे पत्र रागातलं नव्हतं. पण सुतकाच्या घरी शुभ वर्तमान कसं धाडायचं? दिवस होऊ देत, मग पाठवू, म्हणून ठेवलं. दिवस झाले. चौकट रोज विचारत राहिली.

हरेश्वरांची मूळ मेलही साठ्यात सापडली. सत्यवतीने दोन्ही छापून आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. भागोजीचं तोंड बंद करायला हरेश्वरांची मेल एकटी पुरे होती. हे तिला दिसत होतं, आणि त्यांनाही.

रविवारी सकाळच्या बोटीने मुंबईकर मांडव्याला उतरले. देवळातल्या सभेत आज कोणी उशिरा आलं नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापलं पत्र होतं.

भागोजी उठला. "आधी माजं. ‘भागोजी, तू सभेत बोलतोस तेव्हा रेवसच्या धक्क्याला लाँच धडकल्यासारखं वाटतं.’ कवा लिवलंस हे?"

"सतरा साली."

"आन् नऊ वर्सं माज्या घरी चा पितोस?"

"चहा चांगला असतो तुझ्याकडे."

सभा हसली. भागोजीलाही हसू आवरेना, आणि नेमका तिथेच त्याचा जोर गेला.

दिनानाथांनी हरेश्वरांचा निर्णय वाचला. लोकांनी माना डोलावल्या. आता ते खाली बसले असते तरी चाललं असतं. बायकांच्या बाजूला जनीकाकीशेजारी बसलेल्या सत्यवतीला त्यांच्या हातातला दुसरा कागद दिसत होता.

"आणखी एक," दिनानाथ म्हणाले. "मोरूने मेल हरवली असं मी याच जागी म्हणालो होतो. मोरूने काही हरवलेलं नाही. पत्र माझ्याकडून गेलंच नव्हतं." आणि त्यांनी ते पत्र तारखेसकट वाचून दाखवलं.

सभेत चुळबुळ झाली. मोरू जमिनीकडे बघत राहिला. भागोजी म्हणाला, "जाऊं दे. देवी काकीकडंच उतरंल."

जनीकाकी सत्यवतीच्या खांद्याला धरून उठली. "दिनू, बारा वर्सं माजी पालखी तुज्या पेटीत व्हती व्हय रं?"

सेक्रेटरी झाल्यापासून दिनानाथ सभेत छापील मराठीच बोलत आले होते.

"व्हय काकी," ते म्हणाले.

"मंग आता लिवत बसू नको. मोरूला चार दिवस रजा न्हाय मिळायची. मांडवाचं बांबू तू आण."